दोनदा वाचायची पुस्तकं: अभिजात ब्रिटिश रहस्यकादंबऱ्या कशा वाचाव्यात

खुनी कोण हे कळलं की पुस्तक मिटून कपाटात ठेवायचं, अशी सवय असेल तर ब्रिटिश रहस्यकादंबरीतला निम्मा ऐवज वाया जातो. यातली उत्तम पुस्तकं दोनदा वाचली जावीत अशीच रचलेली आहेत. पहिल्या वाचनात लेखक आपल्याला चकवतो. कुठल्या पानावर, कुठल्या साध्या वाक्यात चकवलं, ते दुसऱ्या वाचनात दिसतं, आणि खरा आनंद मला तरी तिथेच मिळतो. त्यामुळे हा लेख म्हणजे पुस्तकांची यादी नाही. कुठून सुरुवात करायची, क्रम कसा ठेवायचा, वहीत काय टिपायचं आणि त्या काळच्या इंग्लंडबद्दल काय माहीत असायला हवं, हे इथे एकेक करून सांगितलं आहे. कुठल्याही कादंबरीचा शेवट फोडलेला नाही. होम्सच्या एका लघुकथेतला एक धागा मात्र उलगडून दाखवला आहे, आणि त्याआधी तशी सूचना दिली आहे.

आधी आपली वाट ओळखा

'ब्रिटिश क्राइम' या नावाखाली तीन वेगळ्या जातींची पुस्तकं एकाच फळीवर ठेवलेली असतात. पहिली जात कोड्याची: खून झाला, संशयित ठरावीक आहेत, धागेदोरे वाचकासमोर आहेत, शोधून काढा. दुसरी पाठलागाची आणि हेरगिरीची. तिथे शत्रू बहुधा लवकर कळतो, प्रश्न उरतो तो निसटायचं कसं आणि विश्वास कुणावर ठेवायचा हा. तिसऱ्या जातीत खुनी पहिल्याच पानावर ठाऊक असतो आणि आपण त्याच्या मनात शिरतो. कोड्याची अपेक्षा ठेवून हेरकथा उघडली की ती संथ वाटते. हेरकथेचा वेग मनात ठेवून अगाथा ख्रिस्ती वाचली की चहा आणि बागकामाच्या गप्पांचा कंटाळा येतो, आणि नेमक्या त्याच गप्पांत सगळं दडलेलं असतं.

तिन्हींचं मूळ बऱ्याच अंशी विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन'मध्ये सापडतं. ही कादंबरी १८६८ची. तिची सुरुवात १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या पाडावाच्या वेळी लुटलेल्या एका हिऱ्यापासून होते, आणि त्या हिऱ्याची कहाणी पार सोमनाथच्या देवळापर्यंत मागे जाते. यॉर्कशरमधल्या एका घरातून तो हिरा नाहीसा होतो आणि मग वेगवेगळी माणसं आपापल्या तोंडाने हकीकत सांगतात. प्रत्येकाला थोडंच माहीत असतं आणि प्रत्येकाचा चष्मा निराळा. भारतीय वाचकाने ती जरूर वाचावी, पण पहिलं पुस्तक म्हणून नाही. ती लांबलचक आहे. म्हातारा कारभारी बेटरेज आपल्या निवेदनात सारखा 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून त्यात भविष्य शोधत बसतो. अशा ठिकाणी रमायला या जातीच्या लेखनाची आधी थोडी चव लागलेली असावी.

सुरुवात लघुकथेपासून

कॉनन डॉयलचा होम्स 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये १८८७ साली अवतरला, पण तो घराघरांत पोचला १८९१पासून 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या लघुकथांमुळे. एकूण चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. नव्या वाचकाने पहिल्या दोन कथासंग्रहांतल्या काही कथा वाचाव्यात आणि मग 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'कडे वळावं. एक कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे संपल्यावर लगेच मागे जाऊन पडताळून पाहता येतं. ही सवय लागणं महत्त्वाचं आहे.

आता सूचना: पुढच्या परिच्छेदात १८९२च्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेतला एक धागा उघड होतो. ती वाचलेली नसेल तर परिच्छेद सोडून पुढे जा आणि कथा वाचून झाल्यावर परत या.

डार्टमूरच्या माळावरच्या तबेल्यातून शर्यतीचा नामांकित घोडा रात्रीत नाहीसा होतो आणि त्याचा प्रशिक्षक मरून पडलेला सापडतो. संशय येतो त्या संध्याकाळी तबेल्यापाशी घुटमळलेल्या एका परक्या माणसावर. होम्स आणि वॉटसन आगगाडीने निघालेत आणि वाटेत होम्स प्रकरणाची माहिती देतोय. त्या माहितीत तो सहज सांगून जातो, की पहाऱ्यावरच्या पोऱ्याचं रात्रीचं जेवण मोलकरणीने नेऊन दिलं, मटणाची करी होती. पोऱ्याला त्या जेवणातून अफू दिली गेली हे पुढे कळतं. वाचक अफूच्या मागे लागतो, करी विसरून जातो. होम्स विसरत नाही. अफूच्या भुकटीला चव असते, साध्या बेचव जेवणात ती लगेच कळली असती, मसालेदार करीत मात्र लपली. मग प्रश्न असा, की त्या रात्री घरात करी शिजावी हे कोण ठरवू शकत होतं? बाहेरून आलेला परका तर नाहीच. एका जेवणाच्या उल्लेखावरून संशय माळावरून उचलला जातो आणि घराच्या आत येतो. रात्री न भुंकलेल्या कुत्र्याचा प्रसिद्ध धागाही याच कथेतला, पण मला करीचा धागा जास्त आवडतो. मसाल्याने काय काय झाकतं हे रोज अनुभवणाऱ्या आपल्या वाचकालाही तो बहुधा पहिल्या खेपेला दिसत नाही.

या धाग्याची जागा नीट पाहा. तो सुरुवातीलाच आलाय, उघड्यावर आहे, आणि एका कंटाळवाण्या तपशिलाच्या वेषात आहे. पुढची पन्नास वर्षं ब्रिटिश लेखकांनी याच युक्तीचे नाना प्रकार केले.

वहीचे तीन रकाने

कोड्याच्या कादंबरीसाठी वही घ्या. संशयितांची नावं आणि वेळापत्रक कुणीही लिहितं, त्याने फारसं साधत नाही, कारण लेखकाला तुम्ही वेळापत्रक लिहावं असंच वाटत असतं. त्याऐवजी पान तीन रकान्यांत विभागा: 'दिसलं', 'सांगितलं' आणि 'धरून चाललो'.

समजा, मृताच्या मनगटावरचं घड्याळ फुटून सव्वाअकराला थांबलंय. घड्याळ थांबलेलं आहे, हे 'दिसलं'मध्ये जाईल. डॉक्टर म्हणतात मृत्यू दहा ते बाराच्या दरम्यान झाला असावा, हे 'सांगितलं'मध्ये. खून सव्वाअकराला झाला, हे मात्र कुणीच म्हटलेलं नाही. ते आपण धरून चाललो. घड्याळाचे काटे हाताने फिरवता येतात. ते आधीच बंद पडलेलं असू शकतं. ते मृताचं नसेलही. लेखकाचा सगळा खेळ या तिसऱ्या रकान्यावर चालतो. तो खोटं बोलत नाही, आपल्यालाच चुकीचं धरून चालायला लावतो. माणसांच्या नात्यांबद्दलही हीच गोष्ट: दोघं भांडताना 'दिसले', त्यांचं पटत नाही असं शेजारणीने 'सांगितलं', ते एकमेकांचे शत्रू आहेत हे आपण 'धरून चाललो'.

हा सराव करायला माझ्या मते सगळ्यांत चांगलं पुस्तक म्हणजे अगाथा ख्रिस्तीचं 'फाइव्ह लिटल पिग्ज', दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. चित्रकार अमायस क्रेल बिअरच्या पेल्यातून विषबाधा होऊन मेला, बायकोला शिक्षा झाली आणि ती तुरुंगातच वारली. सोळा वर्षांनी मुलगी मोठी होऊन ख्रिस्तीचा गुप्तहेर पोयरो याच्याकडे येते: आई निर्दोष होती का? आता ना ठसे उरलेत, ना प्रेत, ना ताजे साक्षीदार. आहेत ती त्या दिवशी तिथे असलेली पाच माणसं आणि त्यांच्या आठवणी. पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात पोयरो प्रत्येकाला भेटतो, दुसऱ्यात पाचही जण आपापली हकीकत लिहून देतात, तिसऱ्यात उलगडा.

करायचं ते असं. दुसरा भाग संपला की पुस्तक बंद करा. पाचही हकीकतींतलं एकच वाक्य किंवा एकच प्रसंग घ्या, समजा बागेतलं एखादं संभाषण, आणि ते प्रत्येकाने कसं नोंदवलंय ते शेजारी शेजारी लिहा. कोणी स्वतः ऐकलं, कोणी दारातून अर्धवट ऐकलं, कोणी दुसऱ्याकडून ऐकलं? तेच शब्द दुसऱ्या कुणाला उद्देशून असतील तर अर्थ बदलतो का? मग वहीत एक नाव आणि एक कारण लिहा. कारण नसेल तर नाव लिहू नका, नुसता अंदाज बरोबर येण्यात काही नाही. त्यानंतर तिसरा भाग वाचा. पूर्ण झाल्यावर खुन्याची हकीकत पुन्हा वाचायला घ्या. त्यात शब्दशः खरं किती आहे ते पाहून थक्क व्हायला होतं.

असा खेळ 'नियमाने' खेळावा ही कल्पना त्या काळी लेखकांनीच मांडली. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक. त्यांनी १९२९ साली दहा नियम लिहिले: गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, एकापेक्षा जास्त चोरवाटा नकोत, पूर्वसूचना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत, वगैरे. १९३०मध्ये लंडनला डिटेक्शन क्लब स्थापन झाला. रहस्यकथालेखक चेस्टरटन पहिले अध्यक्ष, ख्रिस्ती आणि लेखिका डोरोथी सेयर्स सदस्य. दैवी साक्षात्कार किंवा योगायोगाने गुन्हा सोडवणार नाही, अशी शपथ सदस्य घेत. हे नियम माहीत असले की एखादं पुस्तक त्यांना कुठे वाकवतं तेही कळतं. ख्रिस्तीची कीर्ती बरीचशी या वाकवण्यावर उभी आहे.

तेव्हाचं इंग्लंड माहीत हवं

पुष्कळदा आपल्याला खुनी ओळखता येत नाही, कारण त्याला खून करण्याची गरज का पडली तेच कळत नाही. आजच्या वाचकाला वाटतं, बायको नको तर घटस्फोट घ्यायचा की! १९३७चा कायदा येईपर्यंत इंग्लंडात व्यभिचार सिद्ध केल्याखेरीज घटस्फोट जवळजवळ मिळतच नसे. जोडीदार वर्षानुवर्षं वेड्यांच्या इस्पितळात असला तरी सुटका नव्हती. म्हणून लोक हॉटेलात खोटे पुरावे रचत, गुपचूप दुसरं लग्न करत आणि मग कुणीतरी त्यावरून पैसे उकळत असे. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या ब्लॅकमेलच्या निम्म्या कथानकांचं मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट मृत्युपत्राची, आणि ती आपल्या वाचकाच्या हमखास नजरेतून सुटते. इंग्लंडात १८३७च्या कायद्यानुसार लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागत नाही, म्हणून तो डोक्यातच येत नाही. तेव्हा एखाद्या श्रीमंत म्हाताऱ्याने 'मी लग्न करतोय' असं जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की टेबलाभोवतीच्या पुतण्यांचे चेहरे का उतरले ते लक्षात ठेवा.

कॉरोनरची चौकशी हाही या पुस्तकांतला नेहमीचा प्रवेश. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर ज्यूरी बसवून मृत्यूचं कारण ठरवतो. तो खटला नसतो, पण १९७७पर्यंत ही ज्यूरी एखाद्याचं नाव घेऊन त्याला खुनी ठरवू शकत होती. म्हणून पात्रं तिथे इतकी घाबरलेली असतात. मुंबईतही १९९९पर्यंत कॉरोनर होता, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हा शब्द परका नाही. आणि गुन्हा सिद्ध झाला तर फाशी. ब्रिटनमध्ये ती १९६५पर्यंत होती. जुन्या कादंबऱ्यांत गुप्तहेर शेवटी गुन्हेगाराला पिस्तूल घेऊन खोलीत एकटं का सोडतो, याचं उत्तर त्यात आहे.

बाकीचं पटकन. पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स, गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई, त्यामुळे सकाळी टाकलेलं पत्र संध्याकाळी मिळणं ही चूक नाही. शेगडी पेटवायला मोलकरीण पहाटे खोलीत येते, म्हणून प्रेत बहुधा तिलाच सापडतं. घरातल्या नोकरांचा दिनक्रम एकदा कागदावर मांडला तर अर्ध्या ॲलिबी, म्हणजे 'मी तेव्हा तिथे नव्हतोच' असे दावे, आपोआप तपासल्या जातात.

एक कडवट गोष्टही सांगायला हवी. या पुस्तकांत ज्यू, चिनी, काळे आणि भारतीय माणसांबद्दल अनेकदा तुच्छतेची वाक्यं येतात. ख्रिस्तीच्या १९३९च्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचं ब्रिटनमधलं मूळ नाव वंशद्वेषी शब्द असलेलं होतं, आज ती 'अँड देन देअर वेअर नन' म्हणून मिळते. अशी वाक्यं वाचताना त्यांवर पांघरूण घालू नये. ती त्या समाजाचीच साक्ष आहेत.

कोड्याच्या वाटेवर पुढे

ख्रिस्ती कुठल्याही क्रमाने वाचा असं सर्रास सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. १९३७च्या 'डम्ब विटनेस'मध्ये पोयरो बोलता बोलता आपल्या चार जुन्या प्रकरणांतल्या खुन्यांची नावं घेऊन टाकतो: 'स्टाइल्स', 'रॉजर ॲक्रॉइड', 'ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. ही चार संपल्याशिवाय ते पुस्तक हातात घेऊ नका. माझा क्रम असा: 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', मग १९२६चं 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलू नका, इंटरनेटवर काही शोधू नका), मग १९३४चं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' आणि १९३६चं 'द एबीसी मर्डर्स'. ख्रिस्तीची दुसरी गुप्तहेर, म्हातारी मिस मार्पल, हिच्यासाठी १९५०चं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'. युद्धानंतरचं रेशनिंग, घरांत कोळशाची चणचण, गावात नव्याने आलेली अनोळखी माणसं, आणि कोण खरंच कोण आहे हे कुणालाच ठाऊक नाही! पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीने टॉर्कीच्या इस्पितळातल्या औषधालयात काम केलं होतं. तिचं विषांचं ज्ञान इतकं पक्कं, की 'स्टाइल्स'ची दखल औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानेही घेतली.

तिच्यानंतर लगेच अँथनी बर्कलेचं १९२९चं 'द पॉइझन्ड चॉकलेट्स केस' वाचा. एका क्लबातले सहा जण एकाच खुनाची एकामागून एक सहा उत्तरं देतात. प्रत्येक उत्तर पटतं, आणि पुढचा ते मोडीत काढतो. वरच्या तिसऱ्या रकान्याचं एवढं सुंदर प्रात्यक्षिक दुसऱ्या कुठल्या पुस्तकात नाही.

सेयर्स जरा जड जाते. तिचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी अवतरणांत बोलतो. १९३३चं 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' हे प्रवेशाला बरं, कारण ती स्वतः जाहिरात कंपनीत कामाला होती आणि ते कार्यालय तिने नखशिखांत जिवंत केलंय. विम्झी ज्या लेखिकेच्या प्रेमात पडतो त्या हॅरिएट व्हेनच्या चार कादंबऱ्या मात्र क्रमानेच: 'स्ट्राँग पॉइझन', 'हॅव हिज कारकस', 'गॉडी नाइट', 'बसमन्स हनीमून'.

इतिहासावर प्रेम असलेल्या मराठी वाचकाने जोसेफिन टेचं १९५१चं 'द डॉटर ऑफ टाइम' चुकवू नये. इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलाय. एक जुनं चित्र पाहून त्याला प्रश्न पडतो: इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने आपल्या दोन लहान पुतण्यांना खरंच मारलं का? मग तो खाटेवरून पुरावे तपासू लागतो. ज्याच्या लिखाणावर सगळी बदनामी उभी आहे तो टॉमस मोर, रिचर्ड १४८३ साली गादीवर आला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. म्हणजे त्याची साक्ष 'दिसलं'मध्ये बसत नाही, 'सांगितलं'मध्ये जाते. बखर खरी की समकालीन पत्र खरं, या वादावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे पुस्तक घरचं वाटेल. टेच्या निष्कर्षाशी सगळे इतिहासकार सहमत नाहीत, तरी पुराव्याकडे कसं बघावं हे शिकवणारं याहून रंजक पुस्तक मी वाचलेलं नाही. वाचण्यापूर्वी यॉर्क घराण्याची वंशावळ समोर ठेवा, नाहीतर एडवर्ड आणि रिचर्ड यांच्या गर्दीत हरवाल.

पाठलागाच्या वाटेवर

इथे वही बाजूला ठेवा, नकाशा घ्या. जॉन बकनचं १९१५चं 'द थर्टी-नाइन स्टेप्स' छोटं आहे, एका सुटीच्या दिवसात संपतं. खोट्या आरोपाखाली पळणारा माणूस, मागे पोलीस आणि हेर दोघेही, समोर स्कॉटलंडचे उघडे डोंगर. योगायोग भरपूर आहेत, ते मनाला लावून घेऊ नका.

यापुढची पायरी म्हणजे जेफ्री हाउसहोल्डचं 'रोग मेल', १९३९. एक नामांकित इंग्रज शिकारी युरोपातल्या एका हुकूमशहाच्या घरावर बंदूक रोखतो आणि पकडला जातो. दोघांचीही नावं पुस्तकात नाहीत. छळ सोसून तो निसटतो, इंग्लंडात येतो, तिथेही माग काढला जातो, आणि अखेर डॉर्सेटमधल्या दोन उंच बांधांमधल्या जुन्या बुजलेल्या पायवाटेत तो जमिनीत बीळ खणून राहतो. माती, ओल, अंधार, सोबत एक रानमांजर. सुरुवातीलाच हा माणूस सांगतो, मी गोळी झाडणार नव्हतो, इतक्या जवळ पोचता येतं का एवढंच पाहायचं होतं. हे वाक्य मात्र वहीत लिहून ठेवा, 'सांगितलं'च्या रकान्यात. पुस्तक संपेपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाचावं लागेल.

एरिक अँब्लरने हेरकथेत साधा माणूस आणला. 'एपिटाफ फॉर अ स्पाय' या १९३८च्या कादंबरीत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉटेलात उतरलेला, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेला भाषाशिक्षक कॅमेऱ्यांच्या अदलाबदलीमुळे हेर ठरतो, आणि खरा हेर त्याला पाहुण्यांतून शोधायचा आहे. कोड्याच्या वाटेवरून इकडे येणाऱ्याला हा पूल सोयीचा. त्याच वर्षीचं ग्रॅहम ग्रीनचं 'ब्रायटन रॉक' याहून काळोखं आहे.

जॉन ल कारे वाचताना क्रम मोडू नका. १९६१चं 'कॉल फॉर द डेड', मग १९६३चं 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड'. दुसऱ्यात पहिल्यातली माणसं परत येतात आणि पहिल्याचा उलगडा सांगून टाकतात. मग १९७४चं 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. पहिल्या साठ-सत्तर पानांत पुष्कळ वाचक हे पुस्तक सोडतात, कारण हेरखात्याची बोली कुणी समजावून सांगत नाही. थांबू नका, संदर्भाने ती अंगवळणी पडते. ल कारेचा नायक जॉर्ज स्मायली बंदूक चालवत नाही. तो हॉटेलच्या खोलीत बसून जुन्या फायली वाचतो आणि माणसांना बोलतं करतो. इथे वही पुन्हा उघडा: प्रत्येक हकीकत कुणी, कुणाला, किती वर्षांनी सांगितली ते टिपत चला.

फ्रेडरिक फोर्सिथचं १९७१चं 'द डे ऑफ द जॅकल' याच्या अगदी उलट, सगळं यंत्रासारखं चोख. ज्यांच्या खुनाचा कट आहे ते फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल मारले गेले नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं, तरी श्वास रोखला जातो. कारण लेखक आपल्याला खुन्याच्या कामात गुंतवतो: बनावट पासपोर्ट, खास घडवलेली बंदूक, खोलीची निवड.

खुनी आधीच माहीत असेल तर

बर्कलेनेच फ्रान्सिस आइल्स या नावाने १९३१ साली 'मॅलिस अफोरथॉट' लिहिलं. डेव्हनमधल्या खेड्यातला डॉक्टर बायकोला मारायचं ठरवतो, हे पहिल्या वाक्यातच कळतं. रुथ रेंडेलने १९७७च्या 'अ जजमेंट इन स्टोन'मध्ये आणखी धाडस केलं: खुनी कोण, मेलेलं कुटुंब कोणतं आणि कारण काय, सगळं पहिल्या वाक्यात सांगितलं. कारण असं, की त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. निरक्षरता लपवण्याची धडपड माणसाला कुठवर नेते हे त्यात इतक्या जवळून दिसतं, की चिठ्ठी, यादी, पाटी अशा साध्या वस्तू भयानक वाटू लागतात. ही दोन पुस्तकं मात्र कोड्याची पाच-सहा पुस्तकं पचवल्यावरच घ्यावीत. लेखक काय काय सोडून देतोय ते त्याशिवाय जाणवत नाही.

पुस्तकं मिळवताना

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळे कॉलिन्स, डॉयल, चेस्टरटन, बकन, टे, सेयर्स इथे मुक्त आहेत, आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पहिले चौघे तरी सहज मिळतात. ख्रिस्ती १९७६ साली वारली, तिचे हक्क अजून शाबूत आहेत. फोर्टमधल्या पदपथांवर तिच्या जुन्या फाँटाना आवृत्त्या दिसल्या तर टॉम ॲडम्सच्या चित्रांची मुखपृष्ठं आधी उचला. पेंग्विनची हिरवी पुस्तकं म्हणजे गुन्हेगारी कादंबऱ्या. १९३५च्या त्यांच्या पहिल्या दहा पुस्तकांतही ख्रिस्ती आणि सेयर्स होत्या. विसरल्या गेलेल्या लेखकांसाठी ब्रिटिश लायब्ररीची क्राइम क्लासिक्स मालिका बघावी.

विकत घेताना नाव तपासा. अमेरिकी आवृत्तीत 'फाइव्ह लिटल पिग्ज'चं 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट' होतं, 'लॉर्ड एजवेअर डाइज'चं 'थर्टीन ॲट डिनर', 'डेथ इन द क्लाउड्स'चं 'डेथ इन द एअर'. एकच पुस्तक दोनदा घरी येतं. प्रस्तावना शेवटी वाचा, अभ्यासकांना शेवट फोडायची फार घाई असते. मालिका आणि चित्रपटही पुस्तकानंतर. काहींत कथानक इतकं बदललेलं असतं की खुनीच वेगळा निघतो. इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर होम्स आणि ख्रिस्ती मराठी अनुवादांत मिळतात. पण ख्रिस्तीचं इंग्रजी सोपं आहे, आणि धागे शब्दांत लपलेले असल्याने मूळातून वाचण्याचा प्रयत्न जरूर करावा. प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात पाहू नका. घर, नोकरचाकर आणि कायद्याचे शब्द तेवढे पाहा.

आणि या सगळ्यातून वाट काढत मुंबईला यायचं असेल तर एच. आर. एफ. कीटिंगचा इन्स्पेक्टर गणेश घोटे आहे. मुंबई सीआयडीतला हा बुजरा, साहेबांना दबणारा, पण चिवट अधिकारी १९६४च्या 'द परफेक्ट मर्डर'मध्ये आला आणि त्या पुस्तकाला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचं मोठं पारितोषिक मिळालं. तेव्हा कीटिंगने भारत पाहिलेलाही नव्हता. नकाशे, पुस्तकं, बातम्या यांवरून त्याने मुंबई उभी केली. तो प्रत्यक्ष इथे आला दहाएक वर्षांनी. भेटीच्या आधीचं एक आणि नंतरचं एक अशी दोन घोटे-पुस्तकं लागोपाठ वाचा, आणि वहीतले तेच तीन रकाने या वेळी लेखकाच्या मुंबईला लावून पाहा.